साधा मजकूर, दोनशे शब्द

मंगळवारी सकाळी सव्वादहाला माझ्या सख्ख्या भावाने माझा दर मान्य केला. ‘दर मान्य आहेत. मजकूर साधा. शब्द सुमारे दोनशे. शनिवारपर्यंत हवा. आगाऊ रक्कम कुठे भरावी ते कळवावे.’ एवढंच पत्र, संगणकावर आलेलं. खाली त्याचं पूर्ण नाव, पाणीपुरवठा खात्यातला हुद्दा आणि फोन नंबर, जसा काही तो मला ठाऊकच नव्हता. चहाचा कप ओठांशी नेलेला तसाच राहिला. मी पत्र पुन्हा वाचलं, मग नाव पुन्हा वाचलं, मग उगाचच मागे वळून पाहिलं, खोलीत कुणी उभं असल्यासारखं. खोलीत मी एकटी राहते. टेबल, टेबलाला लागून खिडकी, खिडकीखाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान. त्याच्या यंत्राची किरकिर दिवसभर चालते आणि मला तिची इतकी सवय झाली आहे, की ती थांबली की मी दचकते. त्या वेळी ती थांबलेली होती.

मी पैसे घेऊन लिहिते. लेखिका वगैरे नाही. लेखिकेला लोक विचारतात की तुम्हाला सुचतं कसं, मला विचारतात की कधी देताय. साबणाच्या वेष्टनावरच्या ओळी, पंख्याची माहितीपुस्तिका, दातांच्या दवाखान्याचं पत्रक, कुणाच्या निवृत्तीचं भाषण, कुणाच्या पंचाहत्तरीची पुस्तिका. सगळं शब्दावर. बारा वर्षं माझा एकच दर होता आणि तो वाढवायची मला भीड वाटायची. रविवारी कोशबाई आली आणि तिने तो घोळ निकालात काढला. कोशबाई म्हणजे माझी भाषांतर करणारी मैत्रीण. तिच्या घरात बसायला जागा नाही, सगळीकडे शब्दकोश, म्हणून कोशबाई. ती म्हणाली, “तुझा दर बघून लोकांना कीव येते. कीव आलेलं गिऱ्हाईक टिकत नाही.” मग तिनेच कागद ओढला आणि तीन रकाने पाडले. साधा मजकूर, शब्दाला दीड. तांत्रिक मजकूर, शब्दाला अडीच. भावस्पर्शी मजकूर, शब्दाला चार. मी म्हटलं, भावस्पर्शी काय गं, लाज वाटते. ती म्हणाली, “लाज वाटते म्हणूनच चार.” खाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली : ‘ओळखीच्या व्यक्तींनी सवलतीचा आग्रह धरू नये.’ मला ती ओळ उद्धट वाटली आणि आवडलीही. सोमवारी मी ते दरपत्रक माझ्या संकेतस्थळावर टाकलं आणि एक तयार उत्तर करून ठेवलं, म्हणजे चौकशी आली की बोट टेकवायचं आणि उत्तर, दरपत्रकासकट, निघून जायचं. मंगळवारी सकाळी अकरा चौकशा होत्या. मी गॅसपाशी उभी राहून, एका हाताने भांडं धरून, अकरा वेळा बोट टेकवलं. अकरावा दादा होता.

आता मी त्याची चौकशी उघडून वाचली. ती मला पाठवलेली नव्हतीच. संकेतस्थळावर अनोळखी माणसांसाठी जो फॉर्म असतो, तो त्याने भरला होता, एकही रकाना न सोडता. ‘कामाचे स्वरूप : वडिलांचे शिवणकामाचे दुकान बावन्न वर्षांनी येत्या रविवारी बंद होत आहे. दाराच्या काचेवर लावण्यासाठी मजकूर हवा आहे.’ ‘आमच्याबद्दल कोठे कळले’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘घरून’. आणि या माणसाला, जो मला शाळेत पोचवायचा, ज्याच्या पाठीवर बसून मी गोवर काढला, त्याला माझ्याकडून उत्तर गेलं होतं की आपण आमच्याकडे चौकशी केल्याबद्दल आम्ही आभारी आहोत, आणि ओळखीच्या व्यक्तींनी सवलतीचा आग्रह धरू नये. कान गरम झाले. चाळिशी ओलांडलेल्या बाईचे कान असे गरम होतात हे मी विसरले होते.

पहिला विचार आला की हा टोमणा आहे. पण दादाला टोमणा मारता येत नाही. त्याला लहानपणापासून येत नाही. तो रागावला की सरळ गप्प बसतो आणि दोन दिवसांनी सरळ बोलायला लागतो. त्याचं सगळं बोलणंच अर्जासारखं. आईला तो पाणी मागायचा तेही असं, की एक पेला पाणी मिळेल का. तर टोमणा नाही. मग राग? रागावलेला माणूस ‘दर मान्य आहेत’ लिहील का? लिहीलही. किंवा त्याला खरंच वाटलं असेल की मी जाणूनबुजून पाठवलं, भावालासुद्धा दर लावला, आणि त्याने ते मुकाट्याने गिळलं. हे सगळ्यात वाईट होतं. या विचाराशी मी थांबले नाही, पुढे गेले, पण तो मागून येत राहिला. आणि त्याच्याही खाली, कपाच्या तळाशी साखर राहावी तशी, एक वेगळीच गोष्ट बसली होती आणि तीच जास्त बोचत होती. त्याने साधा मजकूर का निवडला? तीन रकाने समोर होते. बाबांच्या बावन्न वर्षांसाठी त्याने सगळ्यात स्वस्त रकाना घेतला. मला भावाकडून पैसे नको होते, एक छदाम नको होता, आणि तरी त्याने चार सोडून दीड घेतले याचा मला राग आला. हे मला कळलं तेव्हा मी उठून तोंड धुतलं.

कोशबाईला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी मनसोक्त हसली.

“भावाला दर पाठवलास? शाब्बास. मला बारा वर्षं हिंमत झाली नाही.”

“चुकून गेलं गं.”

“जाऊ दे. त्याने मान्य केलं ना? मग लिही.”

“बाबांचं दुकान आहे. मी पैसे घेऊ?”

“मग फुकट कर.”

“फुकट करते म्हणूनच तर…” मी म्हटलं.

“म्हणूनच तर काय?” तिने विचारलं. तिच्याकडे पानं उलटल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, काही नाही, नंतर बोलते. फोन मी घाईनेच ठेवला. कारण वाक्य पुरं करायला गेले असते तर ते असं झालं असतं, की फुकट करते म्हणूनच तर ते तीन महिने तसंच पडलं आहे.

दादाने मला आधी तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा बाबांचा उजवा हात थरथरायला लागला आणि दुकान सोडायचं ठरलं तेव्हा. “चिंगे, दारावर लावायला काहीतरी छान लिही. नवा भाडेकरू महिनाभर काचेवर ठेवू देतो म्हणालाय. लोक येतील, त्यांना कळायला हवं.” मी म्हटलं, लिहिते की, घरचंच तर आहे. दुसऱ्यांदा फोनवर, मी एका पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेत बुडाले होते, म्हटलं, हे संपलं की पहिलं तेच. तिसऱ्यांदा त्याच्याकडे जेवायला गेले होते तेव्हा. बाबा समोर बसून भाताची शितं बोटाने एकत्र करत होते आणि दादा ताटाकडे बघत म्हणाला, “ते लिहायचं होतं ना.” मी म्हटलं, हो रे, डोक्यात आहे. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्या मान खाली घालण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. किंवा दिलं असेल, आणि बाजूला ठेवलं असेल, जसं मी सगळं ठेवते.

डोक्यात होतं हे खोटं नव्हतं. संगणकावर एक फोल्डर आहे, त्यात ते होतं. मी तो उघडला. पुतणीच्या शाळेचं भाषण, जे तिने शेवटी स्वतःच लिहून म्हटलं. सोसायटीची सूचना, जिची तारीख उलटून गेली. आई गेली तेव्हा तिच्या बहिणींना पाठवायचं पत्र, जे मी सहा वर्षांपूर्वी सुरू केलं आणि ज्यात ‘तुम्हाला कळवताना’ एवढे दोन शब्द आहेत. आणि बाबांची फाईल. तिच्यात एक ओळ : ‘बावन्न वर्षांपूर्वी एका तरुणाने हातात कात्री घेतली.’ शी. कुठल्याही पंचाहत्तरीच्या पुस्तिकेत खपेल असं वाक्य. असली वाक्यं मी झोपेत लिहिते आणि त्यांचे पैसे घेते. मी ते पुसलं. मग लिहिलं, ‘प्रिय ग्राहकहो’. पुसलं. बाबा ग्राहक म्हणत नाहीत, गिऱ्हाईक म्हणतात, पण दारावर ‘प्रिय गिऱ्हाईकहो’ कसं लिहायचं? मग लिहिलं, ‘माझे वडील’. त्यावर बराच वेळ बसले. खाली डाव्या कोपऱ्यात संगणकाने आपणहून आकडा दाखवला, शब्द दोन. दोन गुणिले दीड, तीन. भावस्पर्शी धरले तर आठ. माझ्या मनाने हा हिशेब माझी परवानगी न घेता केला, आणि मग मी संगणकाचं झाकण लावलं. झाकण लावता लावता फोल्डरचं नाव दिसलं. फोल्डरचं नाव होतं ‘घरचं’. हे नाव मी कधी दिलं ते मला आठवत नाही. पण ते कुठून आलं ते मला लख्ख ठाऊक होतं.

बाबांच्या बेतायच्या टेबलाखाली एक गाठोडं असायचं. निळ्या चौकटीची जुनी चादर, चार टोकांना गाठ. त्याला घरचं म्हणायचे. टेबलावर गिऱ्हाइकांचं कापड, आणि प्रत्येक कापडाला टाचणीने अर्धी पावती टोचलेली; तिच्यावर नाव, माप, शिलाई आणि तारीख. दुसरी अर्धी गिऱ्हाइकाच्या खिशात. बाबांची तारीख कधी चुकली नाही. लोक त्यांच्याकडे शिवणीसाठी नव्हे, तारखेसाठी येतात असं आई म्हणायची, आणि तिच्या म्हणण्यात कौतुक किती आणि बाकीचं काय किती हे मला कधी वेगळं करता आलं नाही. आमच्या कापडांना पावती नसायची, कारण आमच्याकडून शिलाई घ्यायची नसायची. पावती नाही म्हणून तारीख नाही. तारीख नाही म्हणून ते टेबलाखाली. “घरचंच आहे, करू,” असं बाबा म्हणायचे, अगदी प्रेमाने म्हणायचे, आणि खरोखर करायचेही. एखाद्या दुपारी हात मोकळा असला की गाठोडं सोडायचे, एक बाही लावायचे, तेवढ्यात दारात कुणीतरी यायचं. माझा फ्रॉक शिवून होईतोवर मी त्यात मावेनाशी झालेली असायचे. शिंप्याची मुलं म्हणून वर्गात आमची ओळख, आणि आमच्याच कपड्यांना उसवलेल्या कडा. मी तो उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत बसायचे. आईला एक कोट हवा होता. गडद हिरवं लोकरीचं कापड, ते तिने स्वतः पैसे साठवून घेतलं होतं. थंडी सुरू झाली की ती एकदा म्हणायची, “माझा कोट,” आणि बाबा म्हणायचे, “या वर्षी नक्की.” पुढे पुढे ती नुसती म्हणायची, “या वर्षी नक्की,” आणि दोघं हसायचे. मीसुद्धा हसायचे. आमच्या घरातला तो विनोद होता.

आणि मग दादाची पँट आठवली. इतकी वर्षं आठवली नव्हती, किंवा आठवली असेल तर गंमत म्हणून. मी टेबलाशी बसल्या जागी ताठ झाले. दादा सातवीत होता, मी तिसरीत. शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते आणि आमच्या गणवेशाचं कापड गाठोड्यात होतं, नेहमीसारखं. शाळेच्या पहिल्या दिवशी मी मागच्या वर्षीच्या फ्रॉकात उभी होते, खाली सोडलेल्या शिवणीची पांढरी रेघ गुडघ्यांवर, आणि दादा नव्या पँटमध्ये. इस्त्रीची घडी अशी की बोट कापेल. मी रडकुंडीला आले. “तुझी कशी शिवली?” दादाने इकडे तिकडे पाहिलं आणि खिशातून अर्धी पावती काढून दाखवली. बाबा चहाला गेले असताना त्याने गाठोड्यातून आपलं कापड काढलं होतं, आणि दुकानात काजं करायला बसणाऱ्या काकांकडून, वर्गातल्या एका मुलाच्या नावाने, रीतसर पावती फाडून घेतली होती. आगाऊ रक्कमही भरली होती. वर्षभर तो शाळेत पायी जात होता ते कशासाठी हे मला तेव्हा समजलं. पँट ठरल्या तारखेला तयार झाली. “म्हणजे तू खोटं बोललास,” मी म्हटलं. दादा म्हणाला, “खोटं काय त्यात? मी गिऱ्हाईक आहे.”

खाली किल्ल्यांचं यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. मी संगणकाचं झाकण पुन्हा उघडलं. मी गणवेशातल्या दादाकडे बघत बसले आणि त्याच वेळी पडद्यावरच्या पत्राकडेही, आणि दोघं एकमेकांवर बसेनात आणि वेगळेही होईनात. म्हणजे त्याने फॉर्म भरला तो अनवधानाने नव्हे. माझं उत्तर चुकून गेलं, पण त्याला तेच उत्तर हवं होतं. तो माझ्या टेबलावर यायला बघत होता. टेबलाखालून. हे समजल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, कारण तो रागावलेला नव्हता, दुखावलेलाही कदाचित नव्हता. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकान रविवारी जाणार. बाबा ब्याऐंशीचे. ते काचेवरचं वाचतील ते एकदाच वाचतील, आणि मी बारा वर्षांत एकाही साबणवाल्याची तारीख चुकवलेली नाही. उत्तरात काय लिहायचं? पैसे नकोत असं लिहिलं तर ते पुन्हा फोल्डरात जाणार, हे मला माझ्या हाडांत ठाऊक होतं. पैसे घ्यायचे तर किती? निम्मे? ओळखीच्या व्यक्तींनी आग्रह धरलेलाच नव्हता. आणि तो साधा मजकूर तरी काय म्हणून? मी उत्तर लिहायला घेतलं, सात वेळा, आणि सातही वेळा ‘दादा’ आणि ‘महोदय’ यांच्यामध्ये कुठेतरी अडकले. दुपारी तीन वाजता मी चपला घातल्या आणि दुकानाकडे चालत निघाले. रस्त्यात एक माणूस आपल्या कुत्र्याला ओरडत होता, “चल की बाबा,” आणि मला वाटलं तो मलाच म्हणतोय.

दुकान निम्मं रिकामं झालं होतं. फळ्या उघड्या, कपडे घालून बघायच्या कोपऱ्याचा पडदा काढलेला, नुसती दांडी; आरसा मात्र भिंतीवर होता आणि त्यामुळे रिकामेपणा दोनदा दिसत होता. खिळ्याला गिऱ्हाइकांनी न नेलेले सहा-सात कपडे, प्रत्येकाला पावती. बाबा टेबलाशी स्टुलावर बसले होते, गळ्यात मापाची फीत. बेतायला काही नव्हतं, पण फीत होती. पायांपाशी निळ्या चौकटीची चादर, गाठ सोडलेली.

“आलीस? बस. स्टूल पुसून घे, खडू असेल.”

मी पुसलं नाही, तशीच बसले. “बाबा, दादाने मला पत्र पाठवलंय. फॉर्म भरून.”

“माहीत आहे. मीच सांगितलं त्याला, रीतसर मागव म्हणून.”

“तुम्ही?”

“तीनदा सांगितलं ना त्याने तुला? मग? घरचं म्हणून दिलेलं काम कुठे जातं ते मला नको सांगूस.” त्यांनी पायाच्या अंगठ्याने गाठोडं जरासं ढकललं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

“आणि साधा मजकूर?” मी विचारलं. माझा आवाज तिसरीतल्या मुलीसारखा आला. “तोही तुम्हीच?”

“मग! त्याने ती यादी वाचून दाखवली. तो चारवाला घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, वेडा आहेस का? दारावर येणारा माणूस राहिलेला कपडा न्यायला येतो, रडायला नाही. साधंच लिही म्हणावं. कपडे कुठे मिळतील ते लिही, किती दिवस मिळतील ते लिही. आणि आभार. आभार मात्र नीट लिही.” मग म्हणाले, “साधं अवघड जातं. साध्या सदऱ्यात चूक लपत नाही.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते न कळून मी खाली वाकले आणि गाठोड्यात हात घातला. एक बाही लावलेला माझा फ्रॉक. उशीचे अभ्रे. दादाच्या कुठल्याशा कोटाचं अस्तर. सगळ्यात खाली हिरवं कापड, घडी जिथे होती तिथे रंग उडालेला. मी ते टेबलावर पसरलं. आतल्या बाजूला खडूच्या रेघा होत्या, फिकट पण पूर्ण. खांदा, मुंढा, बाहीची गोलाई, सगळं बेतलेलं. फक्त कात्री लावलेली नव्हती.

“दादाची पँट ठाऊक होती तुम्हाला?” मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

“न ठाऊक व्हायला काय? माप समोर होतं. त्याचा डावा पाय अर्ध्या इंचाने लांब आहे, अजून आहे. काजवाल्याने दुसऱ्याच मुलाचं नाव सांगितलं, मी म्हटलं, बरं.”

“मग पैसे का घेतलेत?”

“पावती फाडली होती ना,” बाबा म्हणाले, जसं यात विचारण्यासारखं काही नाहीच. मग त्यांचा थरथरता हात खडूच्या रेघेवरून फिरायला लागला, खांद्यापासून बाहीपर्यंत, आणि रेघेवर असला की तो कमी थरथरत होता. “आणि वेळेवर मिळाली की नाही त्याला?” बोट बाहीच्या टोकाशी आलं. तिथे ते थांबलं. “हिच्याकडूनही घ्यायला हवे होते मी. पैसे. दिले असते तिने. हसत दिले असते.”

आरशात आम्ही दोघं होतो आणि मध्ये ते हिरवं कापड. थोड्या वेळाने मी म्हटलं, की बाबा, कुणाकडून तरी शिवून घेऊ या का. ते माझ्याकडे पाहायला लागले, गिऱ्हाइकाने मूर्खासारखं काही विचारल्यावर त्याच्याकडे पाहायचे तसे, सबुरीने. “माप कुणाचं घेणार?” ते म्हणाले, आणि कापडाची घडी घालायला लागले. घडी त्यांना जमेना. मी दुसरं टोक धरलं.

मग त्यांनी खणातून पावतीपुस्तक काढलं. चार-पाच पावत्या उरल्या होत्या. पुस्तक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं, वर बोरूसारखं झिजलेलं पेन ठेवलं. “लिही.”

“काय लिहू?”

“काम लिही, तारीख लिही. मला आता लिहवत नाही.”

मी लिहिलं, ‘काम : काचेवरचा मजकूर, साधा, दोनशे शब्द.’ नाव कुणाचं लिहू विचारलं, दादाचं ना? “माझं लिही,” बाबा म्हणाले. “रविवारपर्यंत दुकान माझं आहे.” मी त्यांचं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं पूर्ण नाव कुठल्यातरी फॉर्मवर ‘वडिलांचे नाव’ या रकान्याबाहेर लिहिलं. तारीख लिहिताना शनिवार लिहायला लागले तर म्हणाले, “शुक्रवार लिही. एक दिवस हाताशी असावा.” शनिवार खोडून शुक्रवार केला. मग शिलाईचा रकाना आला आणि पेन थांबलं. शून्य लिहावं असं माझा हात म्हणत होता. निम्मं लिहावं असं दुसरं काहीतरी म्हणत होतं. सकाळपासून जे डोक्यात गरगरत होतं ते सगळं त्या अर्ध्या इंचाच्या रकान्यात येऊन उभं राहिलं, आणि मला तेव्हाही नीट समजलं होतं असं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, रकान्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. बाबा घाबरले होते. मी शून्य लिहीन म्हणून घाबरले होते.

‘शब्दाला दीड,’ मी लिहिलं. पूर्ण. पावती मधोमध फाडली आणि अर्धी त्यांना दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली, तारीख दोनदा वाचली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून खात्री केली.

“शुक्रवारी येतो मग न्यायला,” बाबा म्हणाले.